इन्स्टाग्रामवरचा ‘सेज ग्रीन’ आपल्या घरात दवाखान्यासारखा का दिसतो? भिंत रंगवण्याआधी हे वाचा

रील बघितली. मंद हिरवी भिंत, पुढे वेताची खुर्ची, कोपऱ्यात मनी प्लांट, खिडकीतून येणारं ऊन. रील सेव्ह केली, रंगाऱ्याला दाखवली, त्याने शेड कार्डावरच्या एका चौकोनावर बोट ठेवलं. दोन दिवसांत हॉल रंगवून झाला. संध्याकाळी ट्यूबलाइट लावली आणि आई दारातूनच म्हणाली, “अगं, हे तर दवाखान्यात आल्यासारखं वाटतंय!”

हा किस्सा माझ्याच घरातला आहे. पण रंगाच्या दुकानात अर्धा तास उभं राहिलात तर असे बरेच किस्से ऐकायला मिळतील. मंद हिरवा हा दिसायला सोपा आणि जमायला अवघड रंग आहे. पांढरा किंवा क्रीम चुकला तर फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. हिरवा चुकला की रोज डोळ्यांवर येतो, आणि तो बदलायचा म्हणजे पुन्हा सामान हलवा, पुन्हा मजुरी द्या, पुन्हा चार दिवस धूळ खा.

तर हा रंग नेमका आहे काय, तो सगळीकडे कुठून आला, मन शांत करतो म्हणतात ते खरं का, आणि आपल्या वन बीएचकेमध्ये तो नीट बसवायचा कसा, हे सगळं सविस्तर बघूया.

मंद हिरवा म्हणजे नेमका कोणता?

इंग्रजीत ‘सेज’ हे एका झाडाचं नाव आहे. त्याची पानं राखाडी झाक असलेली हिरवी असतात, त्यावरून रंगाला ते नाव पडलं. आपल्याकडे हे झाड फारसं कुणी पाहिलेलं नाही. पण रुईचं पान सगळ्यांनी पाहिलंय. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात ना, तेच. त्या पानावर पांढुरकी पूड धरल्यासारखी दिसते आणि तिच्यामुळे खालचा हिरवा मऊ होतो. सेज ग्रीन साधारण तसाच.

हिरव्याला मराठीत नावांची कमी नाही. पोपटी, पिस्ता, शेवाळी, मेंदी, मुगिया, तुळशीच्या पानाचा. यातला पोपटी म्हणजे चटक, भडक हिरवा. पिस्ता फिकट असला तरी स्वच्छ, त्यात राखाडी जवळपास नसतो. शेवाळी आणि मेंदी हे खऱ्या अर्थाने मंद हिरवे. त्यांच्यात काळपट, पिवळसर किंवा तपकिरी अंश मिसळलेला असतो.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवायची. फिकट असणं वेगळं आणि मंद असणं वेगळं. हिरव्यात फक्त पांढरा मिसळला की रंग फिकट होतो. सोबत थोडा काळा, थोडा पिवळसर किंवा लालसर ऑक्साइड गेला की तो मंद होतो. आजकाल रंगाच्या दुकानातलं मशीन हेच काम करतं. पांढऱ्या बेसच्या डब्यात ठरलेल्या प्रमाणात वेगवेगळी रंगद्रव्यं थेंबाथेंबाने सोडली जातात आणि मग डबा जोरात हलवला जातो. त्यात काळ्या-पिवळ्याचा अंश किती, यावर तुमची भिंत रुईच्या पानासारखी दिसणार की दवाखान्यासारखी, हे ठरतं. बहुतेक घरांमध्ये चूक इथेच होते. हवा असतो मंद हिरवा आणि निवडला जातो फिकट हिरवा.

मग हा अचानक सगळीकडे कुठून आला?

परदेशातल्या मोठ्या रंग कंपन्या दरवर्षी एक ‘कलर ऑफ द इयर’ जाहीर करतात. २०२२ साठी अमेरिकेतल्या तीन मोठ्या कंपन्यांनी मंद हिरव्याच घराण्यातले रंग निवडले. बेंजामिन मूरने ‘ऑक्टोबर मिस्ट’, शेर्विन-विल्यम्सने ‘एव्हरग्रीन फॉग’ आणि पीपीजीने ‘ऑलिव्ह स्प्रिग’. लॉकडाऊनमध्ये लोक घरात कोंडले गेले होते, झाडं-निसर्ग याची ओढ वाढली होती, कंपन्यांनी तोच धागा पकडला. पुढे पिंटरेस्ट आणि इन्स्टाग्रामने हा रंग घराघरात नेला.

पण त्या फोटोंमधली एक गोष्ट आपण बघत नाही, ती म्हणजे खिडकी. रंग भिंतीवर पडलेला किती उजेड परत फेकतो, हे मोजण्यासाठी एलआरव्ही नावाचा आकडा असतो. शून्य म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पूर्ण पांढरा. एव्हरग्रीन फॉगचा एलआरव्ही आहे सुमारे ३० आणि ऑक्टोबर मिस्टचा सुमारे ४६. म्हणजे हे रंग पडलेला निम्म्याहून जास्त उजेड गिळतात. मोठ्या खिडक्यांच्या, उंच छताच्या घरात ते छान दिसतात. समोरच्या बिल्डिंगकडे उघडणाऱ्या एकाच खिडकीच्या हॉलमध्ये तोच रंग दिवसाही दिवा लावायला लावतो.

हिरव्या भिंतीचा विषारी भूतकाळ

आज ‘निसर्गाचा रंग’ म्हणून मिरवणाऱ्या हिरव्याचा इतिहास मात्र फारसा निसर्गस्नेही नाही.

स्वीडनमध्ये काम करणाऱ्या कार्ल विल्हेल्म शील या रसायनशास्त्रज्ञाने १७७५ मध्ये एक झकास हिरवा रंग तयार केला. तो ‘शील्स ग्रीन’ म्हणून ओळखला गेला. स्वस्त आणि चमकदार. पण तो बनला होता तांबं आणि आर्सेनिकपासून. पुढे १८१४ च्या सुमारास त्याहून टिकाऊ असा ‘एमराल्ड ग्रीन’ आला, त्यातही आर्सेनिकच. एकोणिसाव्या शतकात युरोपात हे रंग वॉलपेपर, कपडे, खेळणी आणि कापडी फुलांमध्ये सर्रास वापरले गेले. विल्यम मॉरिस या प्रसिद्ध डिझायनरच्या एका जुन्या वॉलपेपरची तपासणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यातही आर्सेनिक सापडलं होतं.

दमट घरात हा वॉलपेपर जास्त त्रासदायक ठरतो, असं तेव्हाच्या डॉक्टरांना वाटत होतं. १८९० च्या दशकात बार्तोलोमेओ गोसिओ या इटालियन शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की, अशा रंगावर बुरशी वाढली की आर्सेनिकयुक्त वायू बाहेर पडतो. या वायूने नेमकी किती माणसं आजारी पडली, यावर आजही मतभेद आहेत. रंगाची विषारी धूळ नाकातोंडात जाणं हा धोका मात्र होताच.

आणि हो, नेपोलियन हिरव्या वॉलपेपरमुळे मेला, अशी पोस्ट तुम्हाला कधी ना कधी फॉरवर्ड झाली असेल. सेंट हेलेना बेटावर तो राहत होता तिथल्या वॉलपेपरच्या तुकड्यात आर्सेनिक सापडलं, इथपर्यंत खरं. पण त्याच्या मृत्यूचं कारण बहुतेक अभ्यासक पोटाचा कर्करोग हेच मानतात.

आजच्या हिरव्या रंगात आर्सेनिक नसतं. पण आपल्या घरांमध्ये दुसरा एक धोका अजूनही असू शकतो, आणि तो जुन्या रंगात लपलेला असतो.

शिसं: नवीन रंग लावताना जुन्या रंगाची काळजी

पूर्वी ऑइल पेंटमध्ये, विशेषतः पिवळ्या, लाल आणि हिरव्या छटांमध्ये, शिशाची संयुगं वापरली जायची. भारतात २०१६ मध्ये नियम आले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून घरगुती व सजावटीच्या रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमपेक्षा जास्त असता कामा नये, असं बंधन लागू झालं.

म्हणजे आजच्या नावाजलेल्या कंपनीच्या डब्याची तुलनेने चिंता कमी. पण तुमचं घर जुनं असेल, दारं-खिडक्या-ग्रिलवर किंवा भिंतीच्या खालच्या भागावर वीस-तीस वर्षांपूर्वीचा ऑइल पेंट असेल, तर तो कोरडा घासताना उडणारी धूळ हा खरा धोका आहे. शिशाचा परिणाम लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होतो आणि त्याचं कुठलंही प्रमाण सुरक्षित मानलं जात नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

त्यामुळे रंगाऱ्याला आधीच सांगा:

- जुना ऑइल पेंट कोरडा घासू नका. पाण्याने ओला करून, ओला घासपेपर वापरून काढा.
- घासकाम चालू असताना लहान मुलं आणि गरोदर बाई त्या घरात नकोत. दोन दिवस नातेवाइकांकडे पाठवा.
- खाली प्लास्टिक अंथरा. काम झालं की धूळ झाडूने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.
- रंगाऱ्याने स्वतः मास्क लावला पाहिजे. सगळ्यात जास्त धूळ त्याच्याच छातीत जाते. मास्क नसेल तर तुम्ही आणून द्या.

नवीन डबा घेताना त्यावर शिशाबद्दलचा उल्लेख बघा. सुटा, बिनलेबलचा ऑइल पेंट स्वस्त मिळतो म्हणून घेऊ नका.

आईला दवाखाना का आठवला?

याचं उत्तर १९१४ मध्ये आहे. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलचे सर्जन डॉ. हॅरी शर्मन यांनी त्यांच्या ऑपरेशन थिएटरचा रंग पालकाच्या भाजीसारखा हिरवा करून घेतला. तोवर ऑपरेशन थिएटर म्हणजे पांढऱ्या भिंती आणि पांढऱ्या चादरी. प्रखर दिव्याखाली त्या डोळ्यांत खुपायच्या. शिवाय बराच वेळ लाल रक्ताकडे बघून पांढऱ्या भिंतीकडे नजर वळवली की डोळ्यांसमोर हिरवट डाग तरंगतात. लालच्या विरुद्ध रंग हिरवा, म्हणून भिंतच हिरवी केली तर हा त्रास कमी होतो. पुढे सर्जनचे कपडे आणि चादरीही हिरव्या-निळ्या होत गेल्या.

म्हणजे दवाखान्याचा हिरवा हा सजावटीचा नाही, कामाचा रंग होता. आपल्याकडे सरकारी दवाखाने, शाळा, कचेऱ्या इथे कमरेपर्यंत हिरवा ऑइल पेंट आणि वर पांढरा चुना, हे दृश्य कित्येक पिढ्यांनी पाहिलंय. त्यामुळे आपल्या डोक्यात एक जोडी पक्की बसली आहे: निळसर किंवा स्वच्छ फिकट हिरवा, वर चकाकी, आणि वरून पांढरी ट्यूबलाइट. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की घर दवाखाना वाटणारच.

यातली एक गोष्ट बदलली तरी फरक पडतो. तिन्ही बदलल्या तर तोच हिरवा एकदम घरगुती होतो. निळसरऐवजी पिवळसर-राखाडी छटा, चकाकीऐवजी मॅट फिनिश आणि ट्यूबऐवजी पिवळसर दिवा. आमच्या हॉलमध्ये आधी फक्त दिवे बदलले. रंगाला हातही न लावता निम्मा दवाखाना गेला!

हिरवा रंग मन शांत करतो, हे खरं का?

प्रत्येक रीलमध्ये हे वाक्य असतंच. त्यामागे बऱ्याचदा एका अभ्यासाचा हवाला दिला जातो, तो समजून घेऊ. १९८४ मध्ये रॉजर उलरिच यांचा अभ्यास ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनियामधल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडं दिसणाऱ्यांना सरासरी लवकर घरी सोडलं गेलं आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली.

आता नीट बघा. हा अभ्यास झाडांचा आहे, हिरव्या भिंतीचा नाही. झाड हलतं, त्यावर पक्षी बसतात, त्यामागे आकाश असतं. भिंतीवरचा रंग म्हणजे झाड नव्हे. मंद रंग डोळ्यांना कमी बोचतो, अनेकांना तो निवांत वाटतो, हे खरं. पण अमुक शेड लावली की ताण कमी होतो, झोप लागते, हा दावा मात्र फुगवलेला आहे. मन शांत करायला बजेटच थोडं असेल, तर एक लिटर रंग कमी घ्या आणि खिडकीत दोन कुंड्या ठेवा.

आधी उजेड बघा, मग शेड

एकच डबा दोन खोल्यांत दोन रंगांचा दिसतो. कारण भिंतीचा रंग म्हणजे अर्धा रंग आणि अर्धा उजेड.

*उत्तरेची खिडकी:* वर्षातला बराच काळ थेट ऊन येत नाही. (मुंबईच्या अक्षांशावर मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य थोडा उत्तरेकडे असतो, पण त्यातला बराच काळ पावसाचा.) इथला उजेड निळसर असतो आणि हिरव्यातला राखाडी-निळा वर काढतो. म्हणून पिवळसर झाकेचा, फिकट शेड घ्या.

*दक्षिणेची खिडकी:* हिवाळ्यात भरपूर ऊन आत येतं. इथे राखाडीकडे झुकणारा, थोडा गडद हिरवाही चालून जातो.

*पूर्व आणि पश्चिम:* पूर्वेकडे सकाळी, पश्चिमेकडे संध्याकाळी पिवळं ऊन. पश्चिमेच्या भिंतीवर पिवळसर हिरवा लावला तर संध्याकाळी तो थेट मोहरीसारखा दिसू लागतो. इथे राखाडी अंश जास्त असलेला बरा.

*चाळ, जुनी बिल्डिंग, पहिला मजला:* थेट ऊन नाहीच, समोरच्या भिंतीवरून आपटून येणारा उजेड. समोरची बिल्डिंग गुलाबी असेल तर तुमच्या भिंतीवरही तिची झाक येणार. इथे एलआरव्ही ६० च्या वरचा शेड घ्या किंवा एकाच भिंतीला हिरवा द्या.

आता दिवे. आपल्याकडच्या बहुतेक एलईडी ट्यूब ६५०० केल्विनच्या, म्हणजे निळसर पांढऱ्या असतात. या उजेडात मंद हिरवा थंड आणि फिका पडतो. २७०० ते ३००० केल्विनचा ‘वॉर्म’ दिवा त्याला पिवळसर ऊब देतो. अभ्यासाला किंवा निवडण-टिपण करायला पांढरा उजेड लागतोच, तिथे ४००० केल्विनचा मधला पर्याय घ्या. हा आकडा खोक्यावर छापलेला असतो.

शेड निवडायची पद्धत

मोबाइलचा स्क्रीन दाखवून शेड ठरवू नका. प्रत्येक फोनचा डिस्प्ले वेगळा, वर फोटोला फिल्टर. त्याऐवजी असं करा:

१. दुकानातून तीन शेड निवडा. एक तुम्हाला आवडलेला, एक त्याहून फिकट, एक त्याहून राखाडी.

२. त्यांचे छोटे नमुने मिळाले तर घ्या, नाहीतर सगळ्यात लहान डबा बनवून घ्या. पैसे वाया गेल्यासारखे वाटतील, पण पुन्हा हॉल रंगवण्यापेक्षा स्वस्त.

३. थेट भिंतीवर लावण्याऐवजी पांढऱ्या कार्डशीटवर दोन हात मारा. भिंतीवर आधीचा रंग असतो, त्याच्या शेजारी नवीन रंग फसवा दिसतो.

४. कार्डशीट वाळली की प्रत्येक भिंतीवर चिकटवून बघा. सकाळी, दुपारी चारला आणि रात्री दिवे लावून. किमान दोन दिवस.

५. तिच्या शेजारी सोफ्याची उशी, पडदा आणि फरशी येईल असं बघा. रंग एकटा कधीच दिसत नाही.

आणि एक नियम. छोट्या चौकोनात दिसतो त्यापेक्षा रंग मोठ्या भिंतीवर जास्त ठळक दिसतो. त्यामुळे दोन शेडमध्ये अडकलात तर जास्त राखाडी, जास्त फिकट शेड उचला. कार्डावर ‘हा काय रंग आहे का’ असं वाटणारा शेड बऱ्याचदा भिंतीवर बरोबर हिरवा दिसतो.

शेड ठरला की त्याचा कोड लिहून ठेवा आणि डब्यावरच्या लेबलचा फोटो काढा. सगळा रंग एकाच वेळी बनवून घ्या. नंतर आणलेल्या डब्यात किंचित फरक पडू शकतो आणि मंद रंगात तो भिंतीच्या मधोमध पट्टा होऊन दिसतो.

रंगाआधी भिंत

आपल्याकडे रंग बिघडतो तो बऱ्याचदा ओलीमुळे. मुंबई, कोकण, गोवा इथे तर विचारूच नका. पावसाळ्यात ओल धरलेल्या भिंतीवर पुट्टी मारून वर हिरवा चढवला की पुढच्या पावसात पोपडे निघतात, पांढरे क्षार फुटतात. मंद हिरव्यावर बुरशीचे हिरवट-काळे ठिपके सुरुवातीला पटकन दिसतही नाहीत, दिसतात तेव्हा ती चांगलीच पसरलेली असते.

साधी चाचणी करा. फूटभर पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारही बाजूंनी चिकटपट्टीने हवाबंद लावा. एक-दोन दिवसांनी बघा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले तर ओल भिंतीतून येतेय. अशा वेळी आधी गळती शोधा. वरच्या मजल्याचं बाथरूम, बाहेरच्या भिंतीची भेग, गच्ची, पाइप. ती बंद केल्याशिवाय कुठलाही ‘डॅम्पप्रूफ’ रंग फार काळ टिकत नाही.

नवीन प्लास्टर असेल तर ते पुरतं वाळू द्या, किमान महिनाभर. पुट्टी, घासणं, प्रायमर आणि मग रंगाचे दोन हात, हा क्रम मोडू नका. प्रायमर वाचवला की भिंत रंग पिते आणि मंद हिरवा ठिकठिकाणी डागाळलेला दिसतो.

दसरा-दिवाळीच्या तोंडावर सगळ्यांनाच रंग काढायचा असतो, रंगारी घाईत असतात आणि भिंती पावसातून नुकत्याच बाहेर आलेल्या असतात. जमत असेल तर दिवाळीनंतर ते मार्चपर्यंतचा काळ निवडा. भिंत कोरडी आणि रंगारीही निवांत.

कोणत्या खोलीत, किती?

*हॉल:* टीव्हीमागची किंवा सोफ्यामागची एक भिंत हिरवी, बाकीच्या क्रीम किंवा ऑफ-व्हाइट. लहान हॉलसाठी हाच सगळ्यात सुरक्षित मार्ग.

*बेडरूम:* इथे चारही भिंती चालतात, मॅट फिनिशमध्ये. फक्त छत पांढरं ठेवा. चारही भिंती गडद हिरव्या असतील तर परतलेला उजेडही हिरवट होतो आणि आरशात चेहरा आजारी दिसतो. व्हिडिओ कॉलवर ऑफिसवाले “बरं नाहीये का?” असं विचारतात, ते वेगळंच.

*स्वयंपाकघर:* फोडणीचा तेलकट धूर मॅट रंगावर बसला की निघत नाही. इथे धुता येणारा, किंचित चकाकीचा इमल्शन घ्या. ओट्यामागे टाइल्स आहेतच, वरच्या पट्ट्याला हिरवा छान दिसतो.

*देवघर आणि पॅसेज:* अंधारी जागा असेल तर इथे हिरवा टाळा.

फिनिशचं गणित सोपं आहे. मॅट भिंतीचे उंचवटे लपवतो पण डाग धरतो. चकाकी असलेला पुसता येतो पण भिंतीची प्रत्येक लाट दाखवतो. घरात भिंतीवर चित्रं काढणारी चार वर्षांची कलाकार असेल तर उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

सोबत काय शोभतं?

आनंदाची गोष्ट म्हणजे यासाठी रीलमधलं महागडं फर्निचर लागत नाही. मंद हिरव्याला शोभणाऱ्या बऱ्याच वस्तू मराठी घरात आधीपासून आहेत. आजीचं सागवानी कपाट, पितळेची समई, तांब्याचा घंगाळ, वेताची खुर्ची, मातीच्या कुंड्या. लाकूड, पितळ आणि विटकरी हे सगळे ऊबदार रंग. थोडा थंड असलेल्या हिरव्याला ते सावरून घेतात. जुन्या खणाच्या कापडाचे किंवा इरकली साडीचे उशांचे अभ्रे करून बघा, विटकरी किंवा मोतिया रंगाचे.

फरशी कोटा असेल तर ती स्वतःच हिरवट-राखाडी असते, तिथे भिंत फार गडद नको. शहाबादी असेल तर पिवळसर हिरवा घ्या. क्रीम व्हिट्रिफाइड टाइल्सवर जवळपास सगळे मंद हिरवे चालतात. जपून वापरायचं ते चकचकीत जांभळं-मरून सनमायका आणि स्टीलचा जास्त भरणा. तो बदलता येत नसेल तर हिरवा त्या खोलीत आणू नका, भांडण होतं.

रंग किती लागेल?

१० बाय १२ ची खोली, उंची ९ फूट. चारही भिंतींची लांबी मिळून ४४ फूट. ४४ गुणिले ९ म्हणजे ३९६ चौरस फूट. एक दार (३ बाय ७) २१ आणि एक खिडकी (४ बाय ४) १६ वजा केले की उरतात ३५९. चांगल्या गुळगुळीत भिंतीवर एक लिटर इमल्शन दोन हातांसाठी साधारण १०० चौरस फूट धरून चाला, नेमका आकडा डब्यावर असतो. म्हणजे चार लिटर पुरेल. फक्त १० फुटांची एकच भिंत करायची तर ९० चौरस फूट, एक लिटरमध्ये काम होतं.

रंगाऱ्याशी दर ठरवताना तीन गोष्टी बोलून घ्या. दर भिंतीच्या मापावर की घराच्या कार्पेट एरियावर? दारं-खिडक्या मापातून वजा होणार का? पुट्टी, घासणं आणि शेवटची साफसफाई त्यात धरली आहे का? आणि हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा. काम झाल्यावरचे बरेच वाद याच तीन प्रश्नांवरून होतात.

भाड्याचं घर असेल तर

अकरा महिन्यांचा करार, त्यात आपण खर्च करून भिंत हिरवी केली आणि सोडताना मालकाने डिपॉझिटमधून पुन्हा पांढरा करण्याचे पैसे कापले, हे अगदी नेहमीचं. म्हणून रंगाला हात लावण्याआधी मालकाची परवानगी मेसेजवर तरी लेखी घ्या. सोडताना रंग तसाच ठेवायचा की पूर्ववत करायचा, तेही त्यातच. आधीच्या भिंतींचे फोटो काढून ठेवा.

परवानगी नाही मिळाली तर? मोठ्या हिरव्या खादीचा पडदा भिंतीवर सोडा, प्लायचा एक पॅनल रंगवून पलंगामागे टेकवा, किंवा सरळ जुनं लाकडी कपाट रंगवून टाका. घर सोडताना तुमचा हिरवा तुमच्यासोबत येईल.

आमच्या हॉलचं शेवटी काय झालं? दिवे बदलले, तीन भिंती पुन्हा क्रीम केल्या, सोफ्यामागची एक भिंत राखाडीकडे झुकणाऱ्या हिरव्यात नव्याने रंगवली. या वेळी कार्डशीट दोन दिवस भिंतीवर चिकटवून ठेवली होती आणि शेड निवडला आईने. परवा शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, “हा कोणता रंग गं?” आईने डब्याच्या लेबलचा फोटो पाठवला आणि वर लिहिलं, “आधी ट्यूबलाइट काढा.”